सावलीतल्या कुंडीला साखर कोण पुरवतं?

आडवेखोड | ७ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, घरात एक छोटी गोष्ट घडली. आधी ती सांगतो, मग तिच्यावरून रात्री जागून जे वाचलं ते.

माझ्याकडे मंडूकपर्णीची पसरट कुंडी आहे. भिंतीच्या आडोशाला, सावलीत. तिला रोज पाणी मिळतं. तिचं एक धावतं खोड काठावरून खाली उतरलं आणि शेजारच्या रिकाम्या कुंडीत पेराशी मुळं धरून बसलं. ही दुसरी कुंडी म्हणजे नुसती वाळू आणि जुनी माती. दिवसभर ऊन, आणि पाणी मी आठवणीनं कधीच घातलेलं नाही. तरी तिथली पानं टवटवीत! मला वाटायचं, चिवट जात आहे.

परवा झाडताना ते मधलं खोड माझ्याच पायानं तुटलं. सुतळीपेक्षा थोडं जाड असेल. संध्याकाळपर्यंत उन्हातल्या कुंडीतली सगळी पानं देठापासून वाकून मातीला टेकली. सावलीतल्या कुंडीला काही झालं नाही. म्हणजे इतके दिवस उन्हातलं रोप शेजारच्या कुंडीतलं पाणी पीत होतं, तेही त्या सुतळीएवढ्या नळीतून.

अशा वनस्पती ढीगभर आहेत. हरळी, स्ट्रॉबेरी, पुदिना, बांबू, लव्हाळा. जमिनीवरून किंवा जमिनीखालून आडवं खोड पसरवायचं, ठरावीक अंतरावर मुळं आणि पानं काढायची. मुळं धरलेल्या अशा एकेका रोपट्याला शास्त्रात रॅमेट म्हणतात आणि एका बीपासून झालेल्या सगळ्या पसाऱ्याला जेनेट. रॅमेट तोडून लावला तर एकटाही जगतो. पण तोडला नाही तर काय होतं, खरी गंमत तिथे आहे.

जमीन कुठेच एकसारखी नसते. ती ठिगळाठिगळांची असते. इथे खडक, हातभर पलीकडे कुजलेला पाचोळा. झुडपाखाली ओल आहे तर ऊन नाही, उघड्यावर ऊन आहे तर ओल नाही. बी जिथे पडलं तिथलं बरंवाईट सुट्या रोपाला निमूट सोसावं लागतं. पसरणाऱ्या वनस्पतीचा मात्र एक पाय ओलीत आणि दुसरा उन्हात असू शकतो. १९८६ साली पीटर अल्पर्ट आणि हॅरल्ड मूनी यांनी कॅलिफोर्नियातल्या किनारी वाळूच्या टेकड्यांवरच्या रानस्ट्रॉबेरीवर नेमकं हेच तपासलं. कोरड्यातले किंवा गडद सावलीतले जे रॅमेट एकटे मेले असते, ते जोडलेले असताना तगले. कोरड्यातल्याला पाणी पोचलं, सावलीतल्याला साखर.

कुणी असं काही पाहिलंय का?

---

पाणकावळा | ७ जानेवारी, रात्री १०:०५

म्हणजे एकत्र कुटुंब म्हणा की! कमावता भाऊ उन्हात राबतो, घरचा भाऊ पाणी भरतो, आणि पायात घोटाळणारा मालक येऊन वाटणी करून टाकतो.

(वाचतोय. लिहीत राहा.)

---

शंकासूर | ७ जानेवारी, रात्री ११:३०

निरीक्षण झकास, पण "पुरवतं", "पोचवतं" या क्रियापदांना माझा आक्षेप आहे. कुठल्या रोपाला पाणी कमी पडतंय हे ठरवतो कोण? आणि आजाऱ्याला पोसत बसण्यात निरोग्याचं नुकसान नाही का? खडकावर पडलेल्या फांदीला साखर पाठवत राहणं म्हणजे बुडत्या धंद्यात पैसे घालणं. निसर्गात असला उदारपणा टिकत नाही.

---

आडवेखोड | ८ जानेवारी, सकाळी ७:५०

@शंकासूर, आक्षेप मान्य. ठरवत कुणीच नाही. पाणकावळ्यांचं एकत्र कुटुंबही म्हणूनच मला पटत नाही. कुटुंबात निदान कुणीतरी रुसतं.

आत दोन वेगळ्या नळ्या आहेत. जलवाहिनीतलं पाणी ओढीवर चालतं. उन्हातल्या पानांतून बाष्पोच्छ्वास जोरात होतो, तिथे ताण पडतो, आणि जिथून सोपं पडेल तिथून पाणी ओढलं जातं. स्वतःच्या मुळांशी माती कोरडी असेल तर शेजाऱ्याच्या मुळांशी असलेल्या ओलीतून येतं, आणि त्या पाण्यात विरघळलेलं नायट्रेटही सोबत येतं. रसवाहिनीतली साखर दाबावर चालते. जिथे तयार होते तिथे दाब जास्त, जिथे खर्च होते तिथे कमी. सावलीत नवीन मुळं फुटत असतील तर ती साखर खातात, तिथला दाब उतरतो आणि प्रवाह तिकडे वळतो. म्हणजे त्या सुतळीएवढ्या खोडात एकाच वेळी पाणी एका दिशेनं आणि साखर उलट्या दिशेनं चाललेली असू शकते. यात दान कुठेच नाही, सगळा उतार आहे.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मला जास्त आवडलं. वाहतूक दोन्हीकडे सारखी नसते. बहुतेकदा ती जुन्याकडून नव्याकडे जाते, म्हणजे टोकाकडे, कारण टोकाला वाढ चालू असते. नवीन रॅमेटला मुळं फुटेपर्यंत मागचा त्याला पोसतो, आणि त्याचे पाय टेकले की ओघ कमी होतो. उलटा प्रवाह, म्हणजे पोराकडून आईकडे, शक्य असतो, पण त्यासाठी आईवर चांगलीच सावली किंवा कोरड यावी लागते.

शिवाय नळ्या सगळ्यांना सारख्या जोडलेल्या नसतात. पांढरा क्लोव्हर म्हणून मेथीच्या कुळातली एक तीन पानांची गवताळ वनस्पती आहे. तिच्यात खोडाच्या ज्या बाजूला मूळ, त्याच बाजूच्या पानांना आणि फांद्यांना त्या मुळाचं पाणी मुख्यतः मिळतं. पलीकडच्या बाजूला फार थोडं. एकाच इमारतीत दोन वेगळ्या टाक्या असाव्यात तसं. तेव्हा "सगळे सगळ्यांना वाटतात" हे चित्र चूकच.

---

आजीचा_चष्मा | ८ जानेवारी, दुपारी ३:१५

अरे आडवेखोडा, आधी एक बरं केलंस. मंडूकपर्णीला ब्राह्मी म्हणाला नाहीस. निम्मे लोक तिलाच ब्राह्मी समजून बसलेत. असो.

माझ्या स्ट्रॉबेरीचं सांगते. तिच्या दोऱ्या मी कधी कापत नाही. पोराला मुळं धरली की पुढे काही महिन्यांत मधली दोरी आपोआप तपकिरी होते, वाळते आणि हात लावला की मोडते. इतकं वाटून घेणं फायद्याचं असेल, तर ती स्वतःच नाळ का तोडते?

---

आडवेखोड | ८ जानेवारी, रात्री ८:२०

आजी, हाच प्रश्न मला विचारायचा होता आणि तुम्ही आधी विचारलात.

याबाबतीत वनस्पतींचे स्वभाव टोकाचे वेगळे आहेत. एका टोकाला तुमची स्ट्रॉबेरी आणि जलपर्णीसारख्या पाणवनस्पती. पोर उभं राहिलं की तुटा, वाहून जा, दुसरीकडे संसार मांडा. दुसऱ्या टोकाला थंड प्रदेशातल्या काही कॅरेक्स गवतांच्या जाती. त्यांची जमिनीखालची आडवी खोडं वर्षानुवर्षं जोडलेली राहतात. वरची पानं कधीच गेलेली असतात, तरी त्या जुन्या पिढ्यांची मुळं जमिनीतून अन्नद्रव्यं घेऊन पुढच्या कोवळ्या धुमाऱ्यांना देत राहतात. बिनपानांचे पेन्शनर अजून घरखर्च चालवतायत!

यातलं कोण कुठे परवडेल ते ठिगळांवर ठरतं. ठिगळं खोडाच्या लांबीपेक्षा मोठी असतील तर दोन्ही टोकं एकाच ठिगळात पडतात, मग वाटायला वेगळं काय उरलं? नळी जिवंत ठेवायचा खर्च मात्र चालूच. आणि दोन्ही ठिगळं दरिद्री असतील तरी काही हाती लागत नाही. १९९१ मध्ये फ्रीडमन आणि अल्पर्ट यांनी याच रानस्ट्रॉबेरीवर प्रयोग केला. एका रॅमेटला ऊन भरपूर आणि नत्र कमी, दुसऱ्याला त्याच्या उलट. देवाणघेवाणीनं वाढ झाली, पण ज्याच्याकडे जे होतं ते खरोखर मुबलक होतं तेव्हाच. थोडक्यात, उरलेलं वाटता येतं.

---

खुरपं | ९ जानेवारी, सकाळी ६:१०

हे तुमचं नाजूक कुंडीतलं झालं. आम्हाला हा प्रकार लव्हाळ्यानं शिकवला, आणि फी वाजवून घेतली.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या असतात. एक गाठ, मग तारेसारखं बारीक काळं खोड, मग पुढची गाठ. खुरपून वरचं काढलं की आठ-पंधरा दिवसांत दुप्पट. लहानपणी वाटायचं आपण आळशीपणा केला, मुळं राहिली. नंतर एकदा नीट खणून अख्खी माळ काढून पाहिली. वरच्या गाठीला कोंब, आणि खालच्या चार-पाच गाठी नुसत्या झोपलेल्या. तुमच्या शास्त्रात याला काय म्हणतात?

---

आडवेखोड | ९ जानेवारी, सकाळी ९:००

खुरपंदादा, तुम्ही जे पाहिलंत त्याला शेंड्याचं वर्चस्व म्हणतात. माळ अखंड असते तोवर पुढची वाढती गाठ मागच्यांना दाबून ठेवते. खुरप्यानं माळ तोडली की दाबणारा गेला, आणि प्रत्येक तुकड्यातली गाठ स्वतःच्या साठ्यावर फुटते. म्हणजे खुरपणीनं तुम्ही एका जेनेटची पाच बिऱ्हाडं करून दिलीत. जोडणी फक्त अन्नाची नसते, हुकमाचीही असते, हे त्यातून दिसतं.

ग्लायफोसेटसारखी तणनाशकं असल्या तणांवर का चालतात तेही यातच आहे. ते पानातून साखरेबरोबर रसवाहिनीनं खाली उतरतं. पण पानं करपलेली किंवा रोप पाण्याविना मरगळलेलं असताना फवारलं, तर साखरच खाली जात नसते. मग औषध वरच राहतं आणि गाठी सुखरूप.

---

खुरपं | ९ जानेवारी, सकाळी ९:२५

तरीच. कोरड्यात मारलेलं वाया जायचं ते यामुळे होय! आणि बांबूचं? कोंब वर येतो तेव्हा त्याला एक पान नसतं, तरी बघता बघता छपराच्या वर जातो.

---

आडवेखोड | ९ जानेवारी, सकाळी ९:४०

बांबूचा कोंब म्हणजे या सगळ्याचं सर्वात भपकेबाज उदाहरण. पूर्ण उंची गाठेपर्यंत त्याची स्वतःची कमाई जवळजवळ शून्य. सगळा माल जमिनीखालच्या खोडातून आणि शेजारच्या पानं असलेल्या जुन्या बांबूंकडून येतो. बेटातले जुने बांबू सरसकट तोडले की पुढचे कोंब बारीक येतात ते त्यामुळे.

---

सूक्ष्मदर्शी | १० जानेवारी, रात्री १०:५०

वनस्पतिरोगांशी रोजचा संबंध असल्यानं थोडी काळी बाजू मांडते. ज्या नळीतून साखर जाते त्याच नळीतून विषाणूही जातो. क्लोव्हरला होणारे काही विषाणू एका पेरातून शिरून आडव्या खोडानं पुढच्या रॅमेटपर्यंत पोचतात, आणि टोकाकडची कोवळी वाढ सर्वांत आधी सापडते, कारण ओघ तिकडेच असतो.

पण त्याच नळीतून धोक्याची वर्दीही जाते. गोमेझ आणि स्ट्यूफर यांनी २००६ मध्ये क्लोव्हरच्या एका रॅमेटवर अळ्या सोडल्या. जोडलेल्या पण अळी न लागलेल्या रॅमेटांची पानंसुद्धा अळ्यांना नकोशी झाली. साखर, रोग आणि बातमी, तिघांचा रस्ता एकच. तेव्हा नळी ठेवायची की तोडायची, हा हिशेब आजींना वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

---

पाणकावळा | १० जानेवारी, रात्री ११:१०

म्हणजे ती जंगलातल्या झाडांची बुरशीची जाळी, ज्यातून आई-झाडं पिल्लांना खाऊ पाठवतात, तीच ना ही?

---

सूक्ष्मदर्शी | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

नाही! कृपया ही सरमिसळ नको. इथे आहे ते वनस्पतीचं स्वतःचं खोड, त्यातल्या स्वतःच्या वाहिन्या, आणि दोन्ही टोकांना एकच जनुकसंच. बुरशीच्या जाळीत मध्ये तिसरा जीव आहे, आणि त्याचा स्वतःचा स्वार्थ आहे. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी जंगलात दोन जातींच्या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली हे खरं. पण त्यावर पुढे जे इमले चढले, त्यातल्या बऱ्याच दाव्यांना प्रत्यक्ष जंगलातला पुरावा तोकडा आहे, असं २०२३ मध्ये कार्स्ट, जोन्स आणि होक्सेमा यांनी सविस्तर दाखवून दिलं. आडव्या खोडाचं तसं नाही. तिथे खोड कापा आणि फरक बघा. आडवेखोड यांनी तर हा प्रयोग पायानंच केला.

---

शंकासूर | ११ जानेवारी, दुपारी १:००

ठीक, उतारानं वाहतं हे पटलं. पण मग ही नुसती गळती झाली. जास्त होतं ते कमीकडे गेलं. यात वनस्पतीनं "केलं" काय? धाग्यात इतकं भारावण्यासारखं काय आहे?

---

आडवेखोड | ११ जानेवारी, रात्री ९:३०

शंकासूर, धागा ज्याच्यासाठी काढला तिथे आणून सोडलंत.

सुटं रोप कोरड्या उन्हात असेल तर काय करतं? मुळं वाढवतं. जे कमी, त्याच्यामागे लागतं. सावलीतल्या ओलीत असेल तर पानं आणि देठ लांबवतं, पुन्हा जे कमी त्याच्याच मागे. कुठलाही शहाणा जीव असंच करेल, असं वाटतं.

१९९६ मध्ये स्ट्यूफर, द क्रून आणि ड्यूरिंग यांनी क्लोव्हरचं एकेक खोड दोन ठिगळांवर ठेवलं. एक टोक उजेडात पण कोरडं, दुसरं सावलीत पण ओलं. जोडलेल्या रॅमेटांनी बरोबर उलटं केलं. उजेडातल्यानं मुळांचा वाटा कमी करून पानांवर खर्च केला. ओलीतल्यानं मुळं वाढवली. जे आपल्याकडे मुबलक, तेच आणखी गोळा करायचं. कमी पडेल ते पलीकडून येईल. आणि असा अख्खा पसारा एकसारख्या जमिनीवरच्या पसाऱ्यापेक्षा जोमानं वाढला. नुसती गळती असती तर अवयवांची घडण बदलली नसती. इथे रोपाचा आकारच शेजाऱ्याच्या भरवशावर ठरतोय.

याचा आणखी एक पैलू मायकेल हचिंग्स आणि स्लेड यांनी १९८७ मध्ये ग्लेकोमा या पुदिन्याच्या कुळातल्या वेलीत दाखवला. सुपीक मातीत तिची कांडी आखूड होतात, फांद्या दाट फुटतात, म्हणजे ती तिथेच ठाण मांडते. नापीक मातीत कांडी लांबतात, फांद्या कमी, म्हणजे लवकर पुढे सटकते. चालता न येणारा जीव चरत फिरतो तो असा.

तुम्हाला ऐकीव नको असेल तर घरी करून बघतो. मंडूकपर्णी आहेच.

---

शंकासूर | ११ जानेवारी, रात्री १०:००

करा. पण एका जोडीवर निष्कर्ष काढलात तर मी आहेच. आणि एक जोडी कापून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी?

---

आजीचा_चष्मा | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

तोवर मला एक सांगा. हरळीचं अख्खं मैदान म्हणजे एकच रोप का? मग ते मरतं कधी?

---

सूक्ष्मदर्शी | १२ जानेवारी, दुपारी ४:४०

आजी, कधीकधी एकच असतं. अमेरिकेतल्या युटामध्ये पांडो नावाचं ॲस्पेनचं रान आहे. सुमारे ४३ हेक्टरांवर अंदाजे ४७,००० खोडं, आणि सगळी एकाच बीची, मुळांतून फुटलेली. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये पोसिडोनिया या समुद्री गवताचा एकच क्लोन सुमारे १८० किलोमीटर पसरल्याचं २०२२ मध्ये कळलं. पण जनुकं एक म्हणजे नळी अजून जोडलेली, असं नाही. १८० किलोमीटरच्या एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला जात नाही. खरी देवाणघेवाण जवळच्या काही रॅमेटांतच चालते.

आणि एकदा नळी तुटली की नातंही विरतं. ग्रुंटमन आणि नोव्होप्लान्स्की यांनी २००४ मध्ये बफेलो गवतावर हे पाहिलं. स्वतःच्याच रोपाची मुळं समोर असतील तर हे गवत कमी मुळं काढतं, परकी असतील तर जास्त. पण एकाच रोपाचे दोन तुकडे करून वेगळे वाढवले, तर दिवसागणिक ते एकमेकांना परके धरू लागतात. जनुकं तीच, तरी! "मी" ची हद्द त्यांच्यात जनुकांनी ठरत नाही, जोडणीनं ठरते.

---

पाणकावळा | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:०२

हे वाचून पाच मिनिटं गप्प बसलो. माझ्यासाठी तो विक्रम आहे.

---

आडवेखोड | ३ मार्च, रात्री ८:१५

धागा वर काढतो. सात आठवडे झाले.

तीन जोड्या लावल्या होत्या. प्रत्येकीत एकच खोड दोन डब्यांत मुळं धरलेलं. एक डबा जाड कापडाच्या आडोशाला, रोज पाणी. दुसरा उन्हात, आठवड्यातून एकदा अर्धी वाटी. दोन जोड्या जोडलेल्या ठेवल्या, तिसरीचं खोड पहिल्याच दिवशी कात्रीनं कापलं.

आज कापलेली जोडी आणि जोडलेल्यांपैकी एक उपटून बादलीत माती धुतली. कापलेल्या जोडीत उन्हातल्या रोपाची पानं नखाएवढी, जाडसर, आणि मुळं डब्याच्या तळाला दोन वेढे घालून बसलेली. सावलीतल्याचे देठ वीतभर उंच, पानं फिकट, मुळं मात्र जेमतेम.

जोडलेल्यात नेमकं उलटं. उन्हातल्या डब्यात पानांची गर्दी, आणि माती धुतल्यावर हाताला लागलं ते चार बोटं लांबीचं विरळ झुबकं. सावलीतल्या डब्यातली मुळं मुठीत मावेनात. पानं तिथे मोजून सहा.

---

शंकासूर | ३ मार्च, रात्री ८:५०

दोन जोड्या उपटल्या, म्हणजे उदाहरणं दोन. कापडाखाली तापमानही वेगळं असणार. विज्ञान म्हणून शून्य. बघायला मात्र आवडलं असतं, फोटो टाका. न उपटलेल्या जोडीचं काय?

---

आडवेखोड | ५ मार्च, दुपारी २:३०

शून्य मान्य. उरलेली, जोडलेली ठेवलेली जोडी काल सकाळी कापली. या वेळी कात्रीनं, पायानं नाही. उन्हातल्या डब्याला कापायच्या आधी भरपूर पाणी दिलं, म्हणजे कोरडीचं कारण उरू नये.

दुपारी बारापर्यंत माती ओलीच होती आणि पानं वाकली होती. इतक्या पानांना पाजायला तेवढी मुळंच नव्हती. सावलीतला डबा अजून हिरवा आहे, पण त्यातलं सर्वांत कोवळं पान दोन दिवसांत उघडलेलं नाही. उन्हातल्याची अर्धी पानं खुडून टाकली, आणि दोन्ही डबे आता खिडकीच्या मधल्या, ना धड ऊन ना धड सावली अशा जागी ठेवलेत.